अमरावतीची गादी

महालक्ष्म्यांच्या जेवणाच्या दिवशी फुलवाल्याच्या दारात हार परत यावा, यासारखी नामुष्की नाही. पार्बताबाई दोन गल्ल्या सोडून राहायच्या, वर्षानुवर्षांचं गिऱ्हाईक. त्या भांडायला आल्या नव्हत्या. पिशवीतून शेवंतीचा हार काढून त्यांनी करिश्माच्या पुढ्यात धरला आणि हळूच म्हणाल्या, “वास घेऊन पाय व.”

करिश्माने नाक जवळ नेलं. वर शेवंतीचा वास होता आणि शेवंतीखाली उंदराच्या मुताचा, आंबूस, नाकातून थेट घशात उतरणारा. देवीच्या गळ्यात घालायचा हार! तिने मुकाट्याने दुसरा हार बांधून दिला, तो आधी स्वतःच्या नाकाला लावून पाहिला आणि मगच पार्बताबाईंच्या हाती ठेवला. त्या गेल्यावर ती उंबऱ्यातच उभी राहिली. आत वळावंसंच वाटेना.

आत म्हणजे अकोल्याच्या जुन्या शहरातल्या टिनाच्या दोन खोल्या आणि मागे न्हाणी. पुढच्या खोलीत हार-गजरे व्हायचे, मागच्या खोलीत स्वयंपाक आणि झोप. माणसं चारच. करिश्मा, तिचा नवरा रोहित, पहिलीत जाणारी खुशी आणि सासू जयवंता. रोहित पहाटे बाजारातून फुलं आणायचा, सासू-सुना दिवसभर ओवायच्या. चार माणसांना दोन खोल्या पुरल्या असत्या. पुरत नव्हत्या त्या अमरावतीच्या सामानाला.

रोहितचा मोठा भाऊ गोपाल अमरावतीत टाइल्सचं दुकान चालवायचा. दुकान चाललं, त्याने शेगाव नाक्याकडे घर बांधलं, घरावर मजला चढवला. दुकानाचा टेम्पो माल भरायला अकोल्याला यायचा तो रिकामाच. रिकामी गाडी कशाला पाठवायची, म्हणून गोपालची बायको प्रियदर्शनी त्यात घरातलं नको झालेलं भरून द्यायची आणि फोन करायची, “पाठवलंय गं, तुमच्या कामी येईल.” आधी आला तो कोपऱ्यात बसवायचा लांबलचक सोफा. त्याला कोपरा सापडला, पण मग खोलीत चालायला वाट उरली नाही. मग मासे मेलेली काचेची टाकी आली, तळाशी वाळलेल्या शेवाळाची खपली धरलेली. मग दांडा नसलेले कुकर, एकाच बाजूने तापणारी इस्त्री, तीन मिक्सर आणि एकाही मिक्सरला धड भांडं नाही. कपड्यांच्या गोण्या तर दर वर्षी. त्यांच्याकडे दिवाळीची सफाई झाली की यांच्याकडे जागा संपायची.

करिश्मा मोर्शीकडची, संत्र्याच्या बागांच्या शेजारात वाढलेली. तिथे सडकं संत्रं पेटीत राहू देत नाहीत, एक राहिलं तर अख्खी पेटी जाते, हे पोराटोरांना ठाऊक असतं. पण या घरात तिने काहीही बाहेर काढायचं म्हटलं की जयवंता आडवी यायची. टेम्पो आला की म्हातारी डोक्यावर पदर घेऊन रस्त्यावर उभी राहायची आणि गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात सांगायची, “मोठ्यानं धाडलं.” गोपाल स्वतः यायचा नाही. सासऱ्यांच्या वर्षश्राद्धाला आला होता, तो तासाभरात हात धुऊन गाडीत बसला. तो यायचा नाही, त्याच्या वस्तू यायच्या, आणि म्हातारी त्यांनाच उराशी धरायची. रोहितला काही सांगावं तर तो भावाचे जुने शर्ट घालून मोठा झालेला माणूस, म्हणायचा, “राहू दे न. आईले बरं वाटते.”

त्या दिवशी हार परत आल्यावर करिश्माने नवऱ्याला सांगितलं, हे घर रिकामं केल्याशिवाय यापुढे मी एकही फूल ओवणार नाही. रोहितने तो वासाचा हार स्वतः हुंगला आणि बाहेर नेऊन फेकला.

पितृपक्ष लागला तसा फुलांचा धंदा बसला. त्याच दिवसांत जयवंताच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन अमरावतीला ठरलं. ऑपरेशन मोठ्या लेकाच्या घरी राहून करायचं, याचा तिला डोळा बरा होण्यापेक्षाही आनंद होता. नवं लुगडं नेसून, डब्यात शेंगदाण्याची चटणी घेऊन ती रोहितसोबत एसटीने गेली. रोहित तिला पोचवून परत आला आणि दुसऱ्या दिवशी सकाळी करिश्माने ओढणी कमरेला खोचली.

आधी सोफा काढला. दोघांनी मिळून तो उलटा केला, तेव्हा त्याच्या पोटाचं कापड आपोआप फाटलं आणि आतला ऐवज जमिनीवर सांडला. उंदराच्या लेंड्या, झुरळांची वाळकी टरफलं, कुजून काळा पडलेला झेंडू. आणि मधोमध घरटं. ते हाराच्या दोऱ्याचं होतं. करिश्माने ओळखलं. पांढरा, मेणाचा हात लावलेला, तिच्याच रिळाचा दोरा. कापसात गुंडाळून, त्यात शेवंतीच्या पाकळ्या चावून घातलेला. आत उंदराची पिल्लं. गुलाबी, बिनकेसांची, मिटल्या डोळ्यांची, एकमेकांवर वळवळणारी. रोहितने ती फावड्यावर घेऊन बाहेर नेली. करिश्मा हात अंगापासून दूर धरून उभी होती. या सोफ्यावर बसून तिने पोरीला दूध पाजलं होतं. पहिल्या वर्षी, तो नवा वाटत होता तेव्हा, त्यावर बसून फोटो काढून मोर्शीला पाठवला होता. आता आठवणीनेच तिच्या मांड्यांना खाज सुटली.

माशांच्या टाकीतून झुरळं निघाली, ती मिक्सरच्या पोटातही होती. झाडूने मारता मारता ती पायावर चढायची, आणि चिरडल्यावर येणारा तो गोडसर, तेलकट वास नाकातून जाता जाईना. पण झुरळं निदान आपल्या धर्माने वागतात. गोण्या उघडल्यावर जे निघालं ते माणसांचं होतं.

वरच्या थरात साड्या, बाह्या फाटलेले स्वेटर, हे ठीक. खाली हात घातला तर आतले कपडे. वापरलेले, इलॅस्टिक सैल झालेले, धुऊनही पिवळट राहिलेले. करिश्मा ते चिमट्यात धरून पाहत राहिली. कोणीतरी हे हातात घेतलं असेल, पाहिलं असेल, आणि हे फेकायचं नाही, अकोल्याला पाठवायचं, असं ठरवलं असेल. त्या ठरवण्याची तिला किळस आली. अर्धे चोळलेले मलम, तारीख उलटलेल्या गोळ्यांच्या पट्ट्या, वर बसून तडकलेलं पोराचं शी-भांडं. एका गोणीच्या तळाला गरम पाण्याची रबरी पिशवी होती आणि एका डबीत दातांची कवळी.

कवळी पाहून तिचा हात थांबला. अमरावतीच्या घरात कवळीचं माणूस एकच होतं, प्रियदर्शनीचे वडील. ते शेवटचं दीड-दोन वर्ष लेकीकडे अंथरुणाला खिळून होते आणि गेल्या पावसाळ्यात तिथेच वारले. तेरवीला करिश्मा-रोहित जाऊन आले होते. त्यानंतर आठ-दहा दिवसांत टेम्पो आला होता. ही गोणी त्याच टेम्पोतली. आणि त्याच टेम्पोतून, जुन्या चादरीत बांधून, आली होती ती गादी.

गादी जाडजूड, महागाची, दाबली की हळूहळू वर येणारी. सबंध सामानात तेवढीच एक वस्तू करिश्माला मनापासून आवडली होती. खुशी तेव्हापासून त्याच गादीवर झोपायची. पोरीच्या पाठीवर बारीक पुळ्या यायच्या, त्या उन्हाळ्याच्या म्हणून तिने सोडून दिल्या होत्या. वरची चादर दर आठवड्याला धुतली जायची, पण चादरीखालची खोळ कधी निघाली नव्हती, कारण ती चारी बाजूंनी बारीक टाक्यांनी शिवून टाकलेली होती. खोळ जयवंताच्या जुन्या चॉकलेटी लुगड्याची होती.

करिश्माने विळ्याने टाके उसवले. खोळ सोलून काढली आणि वास आधी आला. फिनेलचा, त्याखाली मुताचा, त्याखाली आणखी कसला तरी, बंद डब्यातल्या शिळ्या मटणासारखा. मग डाग दिसला. तो गादीवर पडलेला डाग नव्हता, तो गादीत उतरलेला होता. खांद्यांच्या जागी फिका, कंबरेच्या जागी काळपट तपकिरी, कडेने पिवळी झालर, माणूस जसा निजतो तशा आकाराचा. एका अंगाला पांढऱ्या चिकटपट्टीचा तुकडा अजून डकलेला होता, त्यावर वाळलेल्या पुवाचा पापुद्रा.

ती न्हाणीपर्यंत पोचू शकली नाही. दारातच ओकली.

तोंड धुतल्यावर तिने फोन लावला. प्रियदर्शनीने उचलला, सासूच्या डोळ्याचं सांगायला लागली, ऑपरेशन छान झालं, हिरवी पट्टी आहे, जेवतात बऱ्या. करिश्माने तिला पुढे बोलू दिलं नाही.

“ताई, ते गादी कोनाच्या खालची व्हय?”

पलीकडे टीव्हीचा आवाज बारीक झाला. मग प्रियदर्शनी म्हणाली, “कोणती? हां, ती पप्पांची. अगं, दोन दिवस उन्हात टाकली होती, औषधाच्या पाण्याने पुसून घेतली होती. फार महागाची आहे ती, फेकायची जिवावर आली.”

“मंग अंकुरले कावून नाई देली?”

अंकुर हा प्रियदर्शनीचा मुलगा, खुशीपेक्षा थोडा मोठा.

“त्याला ॲलर्जी आहे ना गं,” प्रियदर्शनी म्हणाली. तिच्या आवाजात ना ओशाळेपण होतं ना राग. ती खरोखरच कारण सांगत होती. “आणि मी काय चोरून पाठवली का? आईंना विचारूनच पाठवली. त्याच म्हणाल्या, काही होत नाही, खोळ मी शिवते.”

करिश्माने फोन ठेवला. जाऊ कशी बाई आहे हे तिला आतले कपडे हातात आल्यावरच कळलं होतं, त्याचं तिला नवल उरलं नव्हतं. पण जमिनीवर पडलेली ती चॉकलेटी खोळ तिच्याने बघवेना. एवढे बारीक टाके. मोतीबिंदूच्या डोळ्यांनी, सुईत दोरा दुसऱ्याकडून ओवून घेऊन घातलेले. दोरा तर करिश्मानेच ओवून दिला असेल, काय शिवता आई, असंही विचारलं असेल.

रोहित बाजारातून आला तेव्हा तिने काही सांगितलं नाही. फक्त गादीकडे बोट दाखवलं. तो वाकून पाहत राहिला, चिकटपट्टी पाहिली, कवळीची डबी पाहिली. मग बाहेर जाऊन नाल्याच्या काठाशी बसला. बऱ्याच वेळाने आत येऊन म्हणाला, “आईले मालूम होतं?” ती हो म्हणाली. त्यानंतर भावाची बाजू घेणारं एक अक्षरही त्याच्या तोंडून निघालं नाही.

भंगारवाल्याने लोखंड नेलं, टाकीचा स्टँड नेला, मिक्सर तांब्याच्या तारेसाठी नेले. गादीला मात्र त्याने हात लावला नाही, दुरूनच मान हलवली. त्या भंगाराच्या पैशातच चुन्याची थैली, नीळ, खिळे आणि सुतळी आली. घरातून वेगळे पैसे काढावे लागले नाहीत, काढण्यासारखे नव्हतेही. धड कपडे करिश्माने उकळत्या पाण्यातून काढून उन्हात वाळवले. बाकीच्या चिंध्या गल्लीच्या तोंडाशी असलेल्या गॅरेजवाल्याने हात पुसायला नेल्या. आणि गादी तिने कापली. नाकातोंडाला ओढणी बांधून, विळ्याने, अंगणात. आतला फोमही वरून खालपर्यंत पिवळा पडलेला होता. अख्खी गादी घंटागाडीवाले घेईनात, म्हणून रोज दोन-दोन तुकडे पोत्यात भरून ती कचऱ्यात देत गेली. संपायला आठवडा लागला. तेवढे दिवस उरलेली गादी अंगणात झाकून पडलेली असायची आणि करिश्माला घास उतरायचा नाही.

मोर्शीहून भावाने संत्र्याच्या जुन्या लाकडी पेट्या एसटीच्या टपावर टाकून पाठवल्या. भाजीबाजारातून रोहितने कडेकोपऱ्यांना फुटलेले प्लास्टिकचे कॅरेट उचलून आणले, व्यापारी ते फुकटातच देतात. पेट्या आडव्या करून, एकीवर एक रचून, खिळे ठोकून तिने एका भिंतीला फळ्या केल्या. सोफ्याचं मोडलेलं लाकूड त्यांच्या खाली पाय म्हणून बसवलं, म्हणजे खालून झाडू फिरेल. सुतळीने कॅरेट भिंतीला टांगले. त्यात कांदे, खुशीचं दप्तर, दोऱ्याची रिळं. दोन्ही खोल्यांना चुना मारला. सासऱ्यांच्या वेळचं एक मोडकं कपाट हललं तेव्हा त्याच्या मागे खिडकी निघाली. लग्न होऊन या घरात आल्यापासून तिने ती पाहिलीच नव्हती. खिडकीतून मोर्णेकडचा वारा आला, आणि नदीत माजलेल्या जलकुंभीचा वासही आला. पण तो बाहेरचा वास होता. खिडकी लावली की बंद होत होता.

सर्वपित्री अमावस्येच्या आधी टेम्पो आला. करिश्मा आवाज ऐकून बाहेर आली. मागे भरलेलं होतं: बाल्कनीतल्या गंजलेल्या खुर्च्या, फुटकं कमोडचं झाकण, गोण्या. आणि पुढे, ड्रायव्हर नत्थुजींच्या शेजारी, मांडीवर कुंडी आणि पायांशी प्लास्टिकची बादली सांभाळत, डोळ्याला काळा चष्मा लावलेली जयवंता. ऑपरेशन झालेल्या आईला गोपालने टेम्पोतून पाठवलं होतं. नत्थुजींनी उतरताना सांगितलं की साहेबांना सुट्टी नव्हती, आणि एसटीत धक्के बसले असते. टेम्पोत धक्के बसत नाहीत काय, हे विचारायला करिश्माच्या तोंडात थुंकी राहिली नव्हती.

तिने सासूला हात धरून उतरवलं. मग नत्थुजींना सांगितलं की यातलं एकही सामान खाली उतरणार नाही. नत्थुजी म्हणाले, मला माल भरायचा आहे, हे कुठे घालू. ती म्हणाली, तुमच्या मालकाला विचारा. नत्थुजींनी तिथूनच फोन लावला. गोपालचा चढलेला आवाज टेम्पोबाहेरही ऐकू येत होता. त्याने फोन रोहितला द्यायला सांगितला. रोहित दारात उभा होता. त्याने फोन कानाला लावून नुसतं ऐकून घेतलं आणि शेवटी एवढंच म्हणाला, “भाऊ, गाडी वापस येऊन राहिली.” टेम्पो वळेपर्यंत गल्लीतल्या बायका दारादारांत उभ्या होत्या. जयवंता मान खाली घालून, कुंडी हातात धरून पायरीवर बसून राहिली होती. कुंडी टेम्पोत परत ठेवायची राहूनच गेली.

आत आल्यावर तिने चष्म्याआडून खोली पाहिली. पांढऱ्या भिंती, रिकामी जमीन. सोफा कुठे, टाकी कुठे, असं काही तिने विचारलं नाही. तिने विचारलं, “गादी कुठी हाये?”

“कापून फेकली,” करिश्मा म्हणाली. “तुमाले मालूम होतं न आई?”

म्हातारीने लगेच उत्तर दिलं, जणू वर्षभर ते तयारच ठेवलं होतं. मेलेल्या माणसाची गादी कोणाला चावते काय, उन्हात वाळवलेली होती, आपल्याला तसली गादी सात जन्मांत घेता आली असती काय, आणि मोठ्याने प्रेमाने दिलेलं नाही म्हटलं असतं तर त्याने पुन्हा काही धाडलं असतं काय. बोलता बोलता ती करिश्माकडे न बघता नव्या फळ्यांकडे बघत होती.

करिश्माने सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, “मंग तुमी कावून नाई झोपल्या तिच्यावर?”

जयवंता खाली, जमिनीवर, स्वतःच्या जुन्या गोधडीवर झोपायची. गुडघे दुखतात, उठवत नाही, थंडीत कण्हायची. रोहित किती वेळा म्हणाला होता, गादीवर खुशीच्या बाजूला झोप. ती म्हणायची, पोरीले मोकयं झोपू दे.

चुन्याचा वास अजून ओला होता. जयवंताने चष्मा काढून पदराने डोळ्याच्या कडा टिपल्या. डॉक्टरने हात लावू नको म्हणून सांगितलं होतं.

“मले शिसारी आली,” ती म्हणाली.

करिश्माला वाटलं होतं की कबुली मिळाली की पोटातलं ते ढवळणं थांबेल. ते थांबलं नाही, नुसतं खाली बसलं. तिने सासूला चहा करून दिला. डोळ्यात थेंब टाकायचे होते, ते दिवसातून जितक्या वेळा सांगितले होते तितक्या वेळा टाकले. पण म्हातारीची पापणी उघडताना आपल्या बोटांना जी आखडण येते ती तिला लपवता येत नव्हती, आणि जयवंतालाही ती कळत होती. म्हणून म्हातारी थेंब टाकून घेताना डोळा घट्ट उघडा ठेवायची आणि श्वास रोखून धरायची.

नवरात्र लागलं. हारांना वास येत नाही हे लोकांना कळायला वेळ लागला नाही, पार्बताबाईंनीच चार घरी सांगितलं. खोलीच्या थंड भिंतीशी ओल्या पोत्यावर झेंडूचे ढीग पडायचे, निशिगंध कॅरेटमध्ये उभा राहायचा, आणि तिघंही भिंतीला पाठ टेकून, पाय पसरून ओवायला बसायची. जयवंताला आता सुईचं नाक स्वतःला दिसायचं. ती कमी बोलायची. एकदा तिने करिश्माच्या फळ्यांपैकी सर्वांत खालची पेटी ओल्या फडक्याने पुसून घेतली, मग रोज पुसायला लागली. करिश्माने ते पाहिलं.

दसऱ्याच्या दिवशी दुपारी गोपाल आणि प्रियदर्शनी आईला सोनं द्यायला आले. टेम्पो परत गेल्यापासून भाऊ भावाशी बोलला नव्हता, पण सणाला आईकडे गेलं नाही तर चार लोक विचारतात. अंकुर धुळीमुळे आला नाही, असं प्रियदर्शनीने सांगितलं. आपट्याची पानं देऊन झाली, पाया पडून झालं. बसायला चटई होती, गोपाल तीवर अवघडून बसला. प्रियदर्शनी मात्र खोलीभर फिरली. संत्र्याच्या पेट्यांवरून तिने हात फिरवला, टांगलेले कॅरेट हलवून पाहिले.

“किती छान केलंस गं,” ती म्हणाली. “आमच्या बाल्कनीत असंच करून दे ना. सुतार लोक फार पैसे सांगतात.”

करिश्माने तिच्याकडे पाहिलं. या बाईला ते सगळं आठवत नसेल, असं नव्हतं. आठवत होतं आणि त्यात मनाला लागण्यासारखं तिला काही दिसत नव्हतं. करिश्माच्या तोंडाला पाणी सुटलं, ओकण्याआधी सुटतं तसं. ती काही बोलायच्या आत कोपऱ्यातून जयवंताचा आवाज आला.

“तिले टाइम नाई.”

प्रियदर्शनी हसली, म्हणाली, आत्ताच नाही हो आई, दिवाळीनंतर. जयवंताने हातातला हार पुरा केला, गाठ मारली. दाराशी प्रियदर्शनीने येताना टेकवून ठेवलेली कापडी पिशवी होती, वरून एका फ्रॉकची बाही डोकावत होती. म्हातारी गुडघ्यावर हात देऊन उठली, पिशवी उचलून तिने थोरल्या सुनेच्या हातात दिली.

“जाताना हे घेऊन जाजो.”

गोपालने मोबाइल खिशात घातला आणि चला म्हणाला. त्याचा चहा अर्धा उरला होता. जयवंता त्याला पोचवायला रस्त्यापर्यंत गेली नाही. दारातूनच तो गाडीत बसताना बघत राहिली, गाडी वळल्यावरही थोडा वेळ बघत राहिली, मग वळून आपल्या जागी येऊन बसली. फुलं सुईवर नीट बसत नव्हती.

सकाळपासून तोरणं विकायला बापासोबत गाड्यावर बसून खुशी पेंगुळली होती. ती हात-पाय धुऊन आत आली, तशी जयवंताने आपल्या गोधडीची घडी उलगडली, बाजूला थोपटलं आणि नातीला हाक मारली, ये व माये, घडीभर पड माह्याजवळ.

खुशी निघालीच होती. करिश्माने ओवायचं न थांबवता तिला सांगितलं, तुझी चटई तिकडे खिडकीखाली घातली आहे.

पोरगी मधेच थांबून एकदा आजीकडे, एकदा आईकडे बघू लागली. जयवंताने थोपटणारा हात काढून घेतला.

“जा,” ती म्हणाली. “तिकडं वारा येते.”